बेबाबाईचा जबाब

“मयुरी कोठे शे?” जीवरामने ओसरीवरून बायकोला तिसऱ्यांदा विचारलं आणि बेबाबाईने हातातली चहाची किटली खाली ठेवली. बाहेर जावयाच्या घरची माणसं लग्नाची तारीख धरायला बसली होती... आणि पोर सकाळपासून घरात नव्हती!

तेवढ्यात जीवरामचा फोन वाजला. धुळ्याच्या बालकल्याण समितीतून होता. शिंदखेड्याहून एकटीच एसटीने गेलेल्या सतरा वर्षांच्या मयुरीने तिथे लिहून दिलं होतं... ‘मला आईवडिलांच्या ताब्यात राहायचं नाही!’

थोरली लेक मोहिनी सोळाव्या वर्षी याच जावयाला, भूपेंद्रला, दिली होती. पुढल्याच वर्षी ती बाळंतपणात गेली आणि मागे राहिला तान्हा ललित. आता तो दीड वर्षाचा झाला होता. त्याला परकी आई नको म्हणून जीवरामने धाकटीला त्याच घरी द्यायचं ठरवलं, तिची बारावी अर्ध्यावर तोडली. जीवराम दुष्ट नव्हता. नातवाला उराशी धरून तो ढसाढसा रडत असे. पण त्या मायेच्या पुरात धाकटीचा आक्रोश कुणालाच ऐकू आला नाही. बेबाबाईला आला होता... आणि ती गप्प राहिली होती, मोहिनीच्या वेळी राहिली होती तशीच!

नवरा-बायको तडक धुळ्याला निघाली. वाटेत पदराचं टोक पिळून पिळून बेबाबाईची बोटं लाल झाली. निघताना व्याह्यांनी बजावलं होतं, “लग्न मोडलं तर नातवाचं तोंड पाहायला मिळणार नाही.”

समितीसमोर मयुरी ताठ बसली होती. आईकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

“यांनी ताईला दिलं, आता मला देताहेत,” ती म्हणाली. “अठरा पूर्ण होईपर्यंत मला यांच्यापासून दूर ठेवा.”

“बाई, त्या आईविना लेकराचा विचार करा!” जीवराम कळवळून अध्यक्षाबाईंना म्हणाला. “हिची मायसुद्धा राजी शे. विचारा तिले!”

सगळ्यांच्या नजरा बेबाबाईकडे वळल्या. तिच्या डोळ्यांपुढे ललितचे चिमुकले हात आले... हो म्हणावं, तर नातू मांडीवर राहतो. नाही म्हणावं, तर तो कायमचा दुरावतो! ती उठून उभी राहिली.

“मी राजी नाही, बाई. पहिलीच्या वेळीही नव्हते, पण तोंड उघडलं नाही, आणि माझी मोहिनी गेली... मी हिला जन्म दिला, मीच सांगते, हिला आमच्या ताब्यात देऊ नका! आमच्या घरात ही सुखरूप राहणार नाही.”

“आई...!” मयुरीने धावत येऊन तिला मिठी मारली. “मी तुला वैरीण समजत होते गं!”

“चुकलं नाही तुझं, बाळा,” बेबाबाई म्हणाली. “आजपर्यंत होतेच.”

समितीने मयुरीला जळगावच्या वसतिगृहात ठेवलं, तिथल्या कॉलेजात तिची बारावी पुन्हा सुरू झाली. लग्न मोडलं. व्याह्यांनी शब्द खरा केला. ललितचं दर्शन बंद झालं. जीवरामने बायकोशी बोलणं टाकलं. पानावर बसे, जेवे, उठून जाई. बेबाबाईची रिकामी मांडी दिवसभर तिला जाळत राही. घरात पाय ठरत नसे, शेतात मन लागत नसे. दर रविवारी मात्र ती जळगाव गाठायची आणि लेकीसमोर हसून बसायची.

असे सात महिने गेले. एका रविवारी माय-लेकी वसतिगृहाच्या फाटकाशी बाकावर बसल्या होत्या, आणि समोरून जीवराम आला... खांद्यावर ललित! भूपेंद्रचं लग्न दुसरीकडे जमलं होतं. जीवराम व्याह्यांच्या दारात टोपी काढून दोन दिवस बसला होता, लेकरू सांभाळायला मागून घेऊन आला होता.

मयुरीने आईचा हात गच्च धरला. आता पुन्हा काय मागणार हे...?

जीवराम जवळ आला. त्याची मान वर होत नव्हती. ललितला खाली उतरवून तो म्हणाला,

“देख रे बाळ... ही तुनी मावशीच शे!”

मयुरीने भाच्याला उचलून कडेवर घेतलं आणि बाकावर सरकून जागा केली.

“आबा, उन्हात नका उभे राहू... बसा ना.”