खांबाजवळचे तळवे

शिलाई मशीनच्या दुकानावर तिसऱ्या मजल्याला तो हॉल. दर रविवारी सकाळी सातला सून खिडक्या उघडायची, लाकडी जमिनीवर ओलं फडकं फिरवायची आणि चौदा काळ्या पट्ट्या घडी करून मांडून ठेवायची. साडेसातला माणसं यायची. चपला बाहेर, मोबाईल टोपलीत, पट्टी डोळ्यांवर. मग पाऊण तास नाच. कसला, तर ज्याच्या अंगाला सुचेल तो. दमलात की जिथे असाल तिथे शवासन.

इथून पुढे मास्तरीणबाईंचं राज्य.

मास्तरीणबाई म्हणजे सुनेच्या सासूबाई. वय अडुसष्ट, अंगकाठी वेताची. बावीस वर्षं वर्ग त्यांचा. स्वतःही पट्टी बांधून त्या एकेकाच्या पायाशी बसायच्या, दोन्ही तळवे हातांत घ्यायच्या आणि हलकेच म्हणायच्या, "दातकाका, उठा." "भिंगरी, ऊठ." टोपणनावं त्यांनीच ठेवलेली. हाक आली की उठायचं, हाक येईपर्यंत हलायचं नाही, हा हॉलचा कायदा.

तळव्यांवरून माणूस ओळखतात म्हटल्यावर तुम्ही हसाल. भिंगरीही हसली होती. एकदा ती आणि तिची जुळी बहीण एकमेकींचे मोजे चढवून, जागा बदलून पडल्या. मास्तरीणबाईंनी मोज्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आधी मोजे परत करा, मग दोघी उठा." बावीस वर्षांत एक हाक चुकली नाही.

सून रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. दिसेल, मोजता येईल, तेवढंच मानणारी. हॉलमध्ये गाणी लावायचं काम तिचं, म्हणून उघड्या डोळ्यांची ती एकटीच. पण सासूबाई रांगेतून फिरू लागल्या की तिची मान आपोआप ताठ व्हायची. "तुम्हाला नळीनळीवर चिठ्ठी लागते," ती सहकाऱ्यांना ऐकवायची, "आमच्या आईंना नाही लागत."

एका रविवारी चौदाजण उठून पट्ट्या सोडू लागले, तरी मास्तरीणबाई कोपऱ्यातल्या खांबापाशी गेल्या. खाली बसल्या. दोन्ही हात जमिनीपासून वीतभर उंच धरले, ओंजळीत काही असावं तसे. तिथे कोणी नव्हतं.

"आई, झाले चौदा," सून म्हणाली.

"मग हे कोण गं?"

दातकाका हसले. "मास्तरीणबाई, खांबाचं नाव अजून ठेवायचं राहिलंय वाटतं."

मास्तरीणबाई हसल्या नाहीत. जिना उतरताना, कठडा धरून, त्या सुनेला म्हणाल्या, "गार होते पाय. डाव्या टाचेला आडवी भेग, उजवी करंगळी वाकडी. आणि काय शवासन, पोरी. इतकं निश्चल माणूस मी अजून घडवलं नव्हतं."

"आई, डोळे दाखवून घेऊ या का?"

"डोळ्यांचा काय संबंध? पट्टी बांधलेली असते मला."



पुढच्या रविवारी तसंच. त्याच्या पुढच्या रविवारीही. सगळे गेल्यावर सुनेने खांबाजवळ हात टेकवून पाहिला. खिडकीतून कोवळं ऊन नेमकं तिथेच पडलं होतं. लाकूड मात्र नमुने ठेवायच्या फ्रीजच्या कप्प्यासारखं गार.

मास्तरीणबाईंचा आनंद एव्हाना उतरला होता. भूत असो, भास असो, त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांना नाव सापडत नव्हतं. पुढच्या रविवारी इतर वर्गांचे नऊ शिक्षक त्यांची रीत शिकायला येणार होते.

"एक हाक अडली तर माझी विद्या खोटी," त्या म्हणाल्या. "मग पट्टी तुझ्या हातात देईन आणि घरी बसेन. थट्टा नाही करत."

शनिवारी दुपारी त्या पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या. सून त्यांच्या तळव्यांना मलम लावत होती. डाव्या टाचेवर तिचं बोट थांबलं. आडवी भेग. उजव्या पायाची करंगळी आत वळलेली. लहानपणी दारात चेमटलेली.

बावीस वर्षं जगाचे तळवे हाताळले, पण स्वतःच्या पायाशी बसायची वेळ कुणावर येते?

सुनेने बराच वेळ मलम चोळलं. गप्प राहावं, असं तिला एकदा वाटलं. मग नऊ शिक्षकांसमोर अडलेली हाक तिला दिसली, आणि ते तिला सहन झालं नाही.

"आई," ती म्हणाली, "ते पाय तुमचे आहेत."

मास्तरीणबाईंनी पाय हळूच जवळ ओढून घेतले. म्हणाल्या, "म्हणजे नाव मला येतंय."

रविवारी नऊ पाहुणे भिंतीला टेकून बसले. चौदा हाका, चौदाही बरोबर. मास्तरीणबाई खांबापाशी बसल्या. हात पुढे केले.

"मास्तरीणबाई," त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "उठा."

कुठेतरी एक फळी करकरली.

त्या उठल्या. पट्टी सोडली. कुणाला काय कळलं कोण जाणे, पण पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सुनेला रडूच आलं. हरल्या नव्हत्या तिच्या आई.

जिना उतरताना सुनेने हात पुढे केला. मास्तरीणबाईंनी तो क्षणभर धरला आणि सोडला. कठडा न धरता तरातरा उतरून गेल्या.

त्यांचा हात गार होता.

आठवडाभर त्यांनी मलम मागितलं नाही.

पुढच्या रविवारी चौदा हाका झाल्या आणि त्यांनी पट्टी काढून टाकली. खांबाकडे वळूनही पाहिलं नाही. माणसं चपला घालून निघाली, त्यांना पोचवायला त्या जिन्यापर्यंत गेल्या.

हॉलमध्ये सून एकटी होती. तिने खिडकीच्या कठड्यावरची एक पट्टी घेतली. डोळ्यांवर बांधली. खांबापाशी गुडघे टेकले आणि हात पुढे केले.

तळवे.

उबदार. डाव्या टाचेच्या भेगेत त्या शनिवारचं मलम, अजून ओलसर. करंगळी आत वळलेली. कायदा पाळून स्तब्ध पडलेले, हाकेची वाट बघत.

सुनेने तोंड उघडलं.

"सूनबाई," मागून दारातून आवाज आला. आवाज त्यांचाच. पण 'पोरी'खेरीज दुसरी हाक त्यांनी तिला कधी मारली नव्हती. "चल, कुलूप लावायचंय."

तिच्या हातातले दोन्ही पाय तो आवाज ऐकून आक्रसले.