आलेखातली दुसरी रेषा

प्रेमकथेला पाऊस लागतो म्हणतात. दोन हजार दोन सालच्या त्या नोव्हेंबरात हिंगोलीत पाऊस नव्हता. नळालाही पाणी नव्हतं. त्यामुळे जे काही झालं ते कोरडंच सुरू झालं – कॉलेजच्या ग्रंथालयात, संदर्भ विभागात, जिथं शांतता पाळण्याची पाटी लावायची गरज पडत नसे, कारण तिथं कुणी येतच नसे.

दीक्षा खंदारे तिथं सहायक ग्रंथपाल होती. आणि त्या आठवड्यात ती गावात प्रसिद्ध झाली होती. एका स्थानिक दैनिकानं तिचा फोटो छापला होता: ‘हिंगोलीच्या कन्येचे रक्ताच्या कॅन्सरवर संशोधन.’

बातमी खरी होती. घोटाळा एवढाच, की दीक्षा पीएच.डी. करत होती ग्रंथालयशास्त्रात. रक्ताच्या कॅन्सरवर जगात कोण किती लेख लिहितं, कुठल्या देशातून लिहितं, आणि ते लेख पुढं किती जण आपल्या लेखात उल्लेखतात, हे ती मोजत होती. वार्ताहरानं हे सगळं अर्धवट जांभई देत ऐकून घेतलं, मग रसायनशास्त्र विभागातून मोरचुदाच्या निळ्या पाण्याची एक परीक्षानळी मागवली आणि तिच्या हातात दिली. छापील काळ्यापांढऱ्या फोटोत मोरचूद हुबेहूब रक्तासारखं दिसलं.

तेव्हापासून लोक येत होते. एकजण आजीला घेऊन आला होता. एकाला इंजेक्शन हवं होतं, कॅन्सरचंच असं नाही, कुठलंही.

आणि त्या शनिवारी दुपारी एक उंच, सावळा माणूस काउंटरपुढं उभा राहिला. काखेत प्लास्टिकची फाईल. पांढरा शर्ट इस्त्रीचा, चपलांवर मात्र कनेरगाव नाक्यापासूनची धूळ.

“डॉक्टर मॅडम तुमीच का?”

“मी डॉक्टर नाही.”

“पेपरात तर हायेत.”

दीक्षानं पेनाचं टोपण दातात धरलं. हे तिला पाठ झालं होतं. “हे बघा, मी उपचार करत नाही. मी मोजते.”

“काय मोजता? पेशी?”

“लेख.”

त्यानं काखेतली फाईल काउंटरवर ठेवली. मग विचारलं, “मोजल्यावर पेशंटला काय होतं?”

“काही होत नाही.”

आणि तो हसला. इतका मोकळा हसला, की वाचनकक्षात एकटाच बसलेला, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा जागा झाला.

“हे बरं केलं तुमी. एका वर्षात पहिल्यांदा कुणी खरं बोललं माझ्याशी.”

“पेशंट कोण आहे?”

“मीच की,” तो म्हणाला, जसं हजेरी देताना म्हणतात.

रणजीत आडे. तांड्यावरचा. आश्रमशाळेत गणिताचा मास्तर. आदल्या वर्षी पोटाच्या डाव्या अंगाला जड वाटू लागलं, नांदेडला रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी वारुळातून निघाव्यात तशा निघाल्या. सावकाश चालणारा रक्ताचा कॅन्सर. डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या होत्या, त्या पेशींना दम भरत. रोगाला काही म्हणत नसत. दोन-चार वर्षं बरी जातात, मग रोग एकदम चाल बदलतो, असं त्याला सांगितलं होतं.

“बरं,” तो फाईल परत काखेत घालत म्हणाला, “एवढं यष्टीत उभं राहून आलो. चहा तरी पाजा. संशोधनात बसत असंल तर.”

बसत नव्हतं. तिनं पाजला.

*

तो दर शनिवारी येऊ लागला. शाळा सकाळची असे. यायचं निमित्त तो कधी वर्तमानपत्र सांगे, कधी गणिताचं एखादं पुस्तक, जे त्या ग्रंथालयात नाही हे दोघांनाही माहीत होतं.

“आज कितीपर्यंत गेली मोजणी, मॅडम?”

“अमेरिकेत अडकले आहे, गुरुजी. संपतच नाही.”

“आणि आपला देश?”

“आपला लवकर झाला.”

“हिंगोली जिल्हा?”

“तुम्ही आहात ना.”

“मी लेख न्हाई. मी उदाहरण हाये.”

ती हसू दाबायची, आणि ते दाबलेलं त्याला दिसावं इतपतच दाबायची. तो चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसे. त्याला उन्हातही थंडी वाजायची. हे तिनं दुसऱ्याच खेपेला टिपलं होतं आणि पंख्याचं बटण तेव्हापासून बंद असे. स्पर्धा परीक्षेचा मुलगा घामानं भिजत अभ्यास करी.

दीक्षाचे मार्गदर्शक सर नांदेडला असत. त्यांचा एक नियम होता: लेख वाचायचे नाहीत. “आपण ग्रंथालयशास्त्रवाले,” ते म्हणत. “शीर्षक, लेखक, देश, वर्ष. आत शिरलात की संपलात.” त्यांच्या हाताखाली बरेच विद्यार्थी पार पडले होते, आणि त्यातल्या एकानंही काही वाचल्याचा पुरावा नव्हता.

दीक्षा आत शिरली. आधी एक सारांश वाचला, शब्दकोश मांडीवर घेऊन. मग दुसरा. विद्यापीठातून आणलेल्या सारांशांच्या सीडी संपल्या, तेव्हा ती बाजारातल्या सायबर कॅफेत जाऊन बसू लागली. तिथं एक पान उघडेस्तोवर माणसाचं वय वाढे.

आणि तिला एक गोष्ट दिसली, जी फक्त मोजणाऱ्यालाच दिसू शकते. एका शब्दाचे लेख वर्षानुवर्षं जवळजवळ नव्हतेच, आणि गेल्या दोन वर्षांत त्या शब्दाची रेषा सिंदीच्या झाडासारखी सरळ वर गेली होती. तो शब्द एका नव्या गोळीचं नाव होता. रणजीतच्याच रोगावरची गोळी. इतक्या लोकांना एकदम लिहावंसं वाटतं, म्हणजे काहीतरी सापडलं असणार.

शनिवारी तिनं आलेखाचा कागद त्याच्यापुढं ठेवला. गणिताचा मास्तर, चढ वाचायला त्याला मदत लागली नाही.

“ही गोळी… भेटते आपल्याकडं?”

“मुंबईत. मी चौकशी केली आहे.”

“कवा?”

“मंगळवारी. रजा काढून.” ती फाईल चाळल्यासारखं करत म्हणाली. “तिसऱ्या प्रकरणासाठी लागणारच होतं.”

कागदावर त्याचं बोट त्या रेषेवरून हळूहळू वर गेलं आणि टोकाला, तिच्या बोटापाशी थांबलं. कुणी हात काढला नाही. तेवढ्यात स्पर्धा परीक्षेच्या मुलानं पंखा लावायची परवानगी मागितली, आणि त्याला ती मिळाली नाही.

*

गोळी लागू पडली. मुंबईच्या खेपा, रांगा, धर्मशाळेतल्या रात्री, हे सगळं झालं. पण चार महिन्यांत पेशी आवरत्या झाल्या, पोटाचा जडपणा उतरला, आणि रणजीतला भूक लागू लागली. आपण बरं झालो असं न म्हणता तो म्हणे, “सध्या तक्रार न्हाई.”

त्याच्या आईनं, जिवनबाईनं, औंढ्याच्या देवाला नवस बोलून ठेवला होता. तो फेडायला रणजीत गेला, आणि त्याच दिवशी दीक्षालाही औंढ्यात काहीतरी काम निघालं. काय, ते तिनं घरी नीट सांगितलं नाही.

“आत येता का?” देवळाच्या दाराशी त्यानं विचारलं.

“आम्ही बौद्ध, देवळात नाही जात. तुम्ही या जाऊन. मी चपला सांभाळते.”

“डॉक्टरीन चपला सांभाळून राहिली. पेपरात द्यायला पाहिजे.”

“द्या. फोटोत रक्तासारख्याच दिसतील.”

तो आला तो कपाळाला गंध घेऊन, हातात नारळाचा तुकडा. तिनं तुकडा घेतला. नारळाला तिची हरकत नव्हती. दोघं समोरच्या टपरीवर बसले. वाऱ्यावर बेलाची पानं आणि बसच्या तिकिटांचे कपटे उडत होते.

“मॅडम… एक सांगू?”

“सांगा.”

“मी तुमाला काही विचारणार न्हाई.”

“बरं.”

“म्हंजे, विचारायचं हाये. पण विचारणार न्हाई. घरचे नंतर, ते भांडतील, थकतील. पण तुमाला आकडे ठाव हायेत. माझ्यासारखे किती, किती दिवस… सगळं. असल्या बाईला विचारणं म्हंजे पेपर फुटल्यावर परीक्षा घेणं.”

दीक्षा नारळ चावत राहिली.

“आणि मी आपणहून उत्तर दिलं तर?”

“प्रश्न नसताना मार्क न्हाई देता येत.”

“कडक मास्तर आहात.”

“त्याच्यामुळंच पोरं पास होतात,” तो म्हणाला, आणि तिच्या पदरावर पडलेलं बेलाचं पान उचलून, नक्की काय करावं ते न सुचून, स्वतःच्या खिशात घातलं.

*

दोन हजार चारच्या मार्चमध्ये दीक्षानं आलेख शेवटचा ताजा केला. गोळीची रेषा वर होतीच. पण तिच्या मागून आणखी एक निघाली होती – बारीक, तिरपी, घाई नसलेली. त्या रेषेचा शब्दही तिनं आत शिरून वाचला. ज्यांना गोळी लागू पडली होती आणि मग पडेनाशी झाली, अशा लोकांवरचे लेख होते ते. लिहिणाऱ्यांचा सूर उत्साही होता. नवीन विषय मिळाला होता.

त्या शनिवारी रणजीतनं विचारलं, “काय म्हणते आपली रेषा?”

“वर चालली आहे,” दीक्षा म्हणाली. खोटं नव्हतं.

मग तो येईनासा झाला. परीक्षा चालू हायेत, असा निरोप आला. मग, तपासणी हाये. मग निरोपही नाही. दीक्षाला काय ते कळलं. विचारायला ती धजली नाही. विचारलं असतं तर त्यानं खरं सांगितलं असतं, त्याची ती खोडच होती.

ऑगस्टमध्ये नांदेडला तिची खुली तोंडी परीक्षा लागली. खुली म्हणजे कुणीही यावं, कुणीही प्रश्न विचारावा. प्रत्यक्षात पद्धत अशी, की श्रोत्यांतले दोन प्रश्न सर आदल्या दिवशीच दोन होतकरू विद्यार्थ्यांना वाटून देत, त्यांची उत्तरं उमेदवाराला, आणि जेवणाची वेळ बाहेरून आलेल्या परीक्षकांना. पुढच्या रांगेत दीक्षाचे वडील पुंजाजी बसले होते, एस.टी.च्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. शेजारी आई जनकाबाई, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत, हार सांभाळत.

दीक्षानं पारदर्शक कागद एकेक करून प्रोजेक्टरवर ठेवले. देश झाले. लेखक झाले. आलेख आला. वाटून दिलेले दोन्ही प्रश्न झाले. “आणखी कुणाला काही?” सरांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता घड्याळाकडं पाहिलं.

“एक हाये.”

शेवटच्या रांगेत रणजीत उभा होता. कॉलर मानेपासून सुटलेली, गालाची हाडं वर आलेली. बाकाला धरून उभा होता, पण आवाज वर्गातलाच होता.

“त्या मागच्या बारीक रेषेचं नाव काय, मॅडम? तिच्यावर तुमी बोलल्या न्हाईत.”

दीक्षानं एकदा भिंतीवरच्या आलेखाकडं पाहिलं. “गोळीला रोग दाद देईनासा होतो,” ती म्हणाली, “त्याची ती रेषा आहे.”

“तुमाला कवा दिसली?”

“मार्चमध्ये.”

“मग सांगितलं काहून न्हाई?”

सभागृहात कुणीतरी खोकलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढला. “हा प्रश्न विषयाच्या कक्षेत येतो का?”

“येतो, सर,” दीक्षा म्हणाली. मग त्याच्याकडं वळून, “तुम्ही हसायचं थांबला असता. म्हणून. तुम्ही का नाही सांगितलं?”

“एप्रिलच्या रिपोर्टातच आलं व्हतं,” रणजीत म्हणाला. “तुमचं प्रकरण पाचवं चालू व्हतं.”

परीक्षकांना एवढ्यात काहीतरी गवसलं होतं. “म्हणजे तुम्ही हे लेख वाचले? या अभ्यासपद्धतीत वाचणं अपेक्षित नाही.”

“माहीत आहे, सर. यांच्यासाठी वाचले.”

“हे कोण?”

सरांनी डोळ्यांनी खूण केली – श्रोते म्हण, मित्र म्हण, काहीही म्हण. जनकाबाईंच्या मांडीवरचा हार थोडा घसरला.

“यांच्याशी मला लग्न करायचं आहे,” दीक्षा म्हणाली. “त्यांनी विचारलेलं नाही. विचारणारही नाहीत.”

रणजीत खाली बसला. खरं तर त्याला उभं राहवत नव्हतं, पण लोकांना ते समाधान वाटलं. सरांनी घाईघाईनं आभार मानले. पदवी द्यावी, अशी शिफारस झाली. जेवण थंड होत होतं.

पुढचं सांगून टाकलेलं बरं. मुंबईच्या डॉक्टरांनी गोळीची मात्रा वाढवून पाहिली, मग आणखी एक औषध पाहिलं. डिसेंबरात रोगानं चाल बदलली. माघाची थंडी सरायच्या आत रणजीत गेला, तांड्यावरच्या घरात, भर दुपारी, दीक्षाचा हात धरून. दोन्ही रेषा त्यानंतरही वर जात राहिल्या.

पण त्या ऑगस्टच्या संध्याकाळी नांदेडहून परतीच्या गाडीत तो होता. पुंजाजी दिवसभर एक शब्द बोलले नव्हते. जनकाबाई खिडकीबाहेर बघत होत्या, जणू बाहेरच्या सोयाबीननंच हे सगळं केलं होतं. मागच्या बाकावर दीक्षा, आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून रणजीत.

वारंगा फाट्याच्या पुढं कंडक्टर आला. पुंजाजींना ओळखत होता.

“काका, किती द्यायचे?”

पुंजाजींनी मागं वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बायकोकडं पाहिलं. तिनं खिडकीतून नजर काढली नाही, पण होकाराची मान हलवली.

“चार. हिंगोली.”

“चौथं कोण?”

“घरचंच हाये,” पुंजाजी म्हणाले.

रणजीतनं डोळे उघडले नाहीत. तो झोपलेला नव्हता. दीक्षाला ते खांद्यावर कळत होतं, ओल हळूहळू पदरातून आत येत होती.