गोठलेल्या खडकातला हादरा

सरळ रेषेत अंतर दीड किलोमीटर, आणि दरीला वळसा घालून चालत दोन दिवस! खाणीपासून कड्यापर्यंतची ही वाट मापबाईंनी स्वतःहून ओढवून घेतली होती, त्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती.

सुरुंगाचा हादरा खडकातून जाताजाता किती विरतो, हे मोजणं हा बाईंचा धंदा. दोन वर्षांपूर्वी, ऐन उन्हाळ्यात, इथलं मोजमाप करून त्यांनी सही ठोकली होती: कड्यापर्यंत पोचेस्तोवर हादरा कुणाला जाणवणारही नाही. त्या सहीवर खाणीला मोठ्या सुरुंगाची परवानगी मिळाली, आणि तो येत्या सोमवारी उडायचा होता. पण आता हिवाळा होता! उन्हाळ्यात हादरा गिळणारी भुसभुशीत जमीन गोठून टणक झाली होती, आणि अशी जमीन हादरा गिळत नाही, पुढे ढकलते. हादऱ्याने कडा ढासळला तर खाली पायथ्याशी वस्ती होती. वस्तीत बाईंची थोरली बहीण राहायची. बाईंची झोप उडाली होती ती उगाच नाही. म्हणून एक छोटा सुरुंग उडवून कड्यावर हादरा पुन्हा मोजायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

सोबतीला एकटा म्हातारा वाटाड्या. चाचणीचा तो छोटा सुरुंग तिकडे खाणीत दाजी उडवणार होते. दाजी म्हणजे त्या थोरल्या बहिणीचे यजमान, खाणीतले जुने सुरुंगवाले.

पहिला दिवस वाऱ्याने खाल्ला. दुसऱ्या दिवशी नदीवरचा बर्फ तडकला आणि सामानाची घसरगाडी डोळ्यांदेखत पाण्यात गेली. शिधा गेला, जादा यंत्रं गेली. बाईंच्या पाठीवर होतं तेवढं एक यंत्र वाचलं.

कड्यावर त्यांनी बर्फ खरवडून खडक उघडा केला, यंत्र ठेवलं आणि भोवती वाटीभर पाणी ओतलं. बघताबघता पाणी गोठलं आणि यंत्र खडकाला घट्ट चिकटलं.

"बाबा, मी 'पुतळा' म्हटलं की हलायचं नाही. एक पाऊल टाकलंत तरी यंत्राला तो भूकंप वाटतो. खोकलासुद्धा गिळायचा."

"चाळीस वर्षं संसारात तेच केलं की!" वाटाड्या म्हणाला आणि चार पावलं लांब, घळीच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

वॉकीटॉकी खरखरली. "मेहुणीबाई, एका मिनिटात उडवतो. एकाचीच परवानगी आहे, दुसरा मिळायचा नाही."

"पुतळा!" बाई ओरडल्या.

चाळीस सेकंद गेले. बाईंनी सहज मान वळवली. वाटाड्या ताठ उभा होता, पण खाली चालला होता! त्याच्या पायांखाली खडक नव्हताच, नुसता घळीवर पुढे आलेला बर्फ होता, आणि तो फाटत होता. भल्या माणसाच्या तोंडून ब्र निघत नव्हता!

"अहो, ओरडा ना!" बाई धावल्या. पुढचा विचार नव्हताच. त्याच्या कमरेच्या दोराचं मोकळं टोक पकडलं. खडकाच्या सुळक्याला वेढा दिला. पालथ्या पडल्या. बर्फ धाडकन तुटला! दोर ताणला. वाटाड्या घळीत लोंबकळला.

तेवढ्यात खालून छातीत ठोसा बसला. चार सेकंदांनी सुरुंगाचा आवाज आला.

"बाई," खालून वाटाड्या म्हणाला, "खडकानं लाथ मारली हो! आता बोललं तर चालेल ना?"

त्याला वर ओढायला अर्धा तास लागला. यंत्रात बाईंच्या पावलांचा नुसता गोंधळ भरला होता. त्यातून हादरा वेगळा निघेना.

"किती आला आकडा?" दाजींनी विचारलं.

"आकडा नाही, दाजी. माझीच पावलं आली." बाईंना रडू येत होतं. त्यांनी ते येऊ दिलं. "पण हादरा आम्हा दोघांना कळला. साध्या अंगाला कळला! साहेबांना सांगा, मापबाई चुकली. माझी सही खोडा."

"कागद नसताना साहेब ऐकायचे नाहीत."

"ठाऊक आहे."



"तुझी ताई घरी आहे," दाजी म्हणाले. "साहेबांचं मी बघतो. मोठा सुरुंग भरायला हात माझेच लागतात, आणि सोमवारी ते दुखणार आहेत."