मनमाय

सांगलीत आता बऱ्याच लोकांना दोन आया असतात. एक घरची, एक दवाखान्यातली. घरची बोलून घेते, दवाखान्यातली ऐकून घेते. मग लाडकी कोण, हे सांगायला पाहिजे का?

हौसाबाईंना मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच कळलं, की दिगंबर भांडायचा थांबला. पंचेचाळीस वर्षांचा घोडा, पण फोनवर आईशी रोज वाजायचं. सहा महिने झाले, काही नाही. त्यांनी मुद्दाम सुनेला नावं ठेवली, त्याच्या टकलावर घसरल्या. तरी "बरं आई, काळजी घे." काळजी घे! बँकेतली बाई बोलते तसं.

शेवटी सुनेकडून पत्ता आणि वेळ काढून, जिलब्यांचा डबा घेऊन त्या मानसतज्ज्ञ मेघना कारखानीस यांच्या दवाखान्यात थडकल्या, दिगंबरच्या वेळेआधी अर्धा तास.

"माझ्या पोराला काय पाजलंत?"

"काही नाही, मावशी. बसा." मेघनाबाईंनी खुर्चीवरची तारांची टोपी दाखवली. "लहानपणी प्रत्येक जण मनात स्वतःची आई घडवतो. मोठेपणी साहेब रागावला, तरी आतून तीच रागावल्यासारखी वाटते. पूर्वी पेशंट मलाच आई समजून चिडायचे; त्यावरून तिला ओळखण्यात वर्षं जायची. आता ही टोपी मेंदूतल्या त्या खुणा वाचते आणि तिला बोलतं करते. तिला मनमाय म्हणतात. बोलता बोलता जुनी गाठ सुटते, आणि मनमायही बदलत जाते."

"आवाज कुणाचा?"

"तुमचा. पण त्याला आठवतो तसा."

"माझ्या आवाजात काय बोलते ती?"

"ते सांगता येत नाही. खासगी असतं."

"माझंच बोलणं, आणि मलाच सांगता येत नाही!"

पण गाठ कुठली, ते हौसाबाई जाणून होत्या. दिराचं लग्न. आठ वर्षांच्या दिगूनं चौथ्यांदा जिलबी मागितली, जाऊबाई फिसकन हसल्या, आणि हौसाबाईंनी कान धरून पोराला भरल्या पंगतीतून उठवलं. तोंडातला घास तोंडातच. प्रत्येक भांडणात तो ते काढायचा, आणि त्या म्हणायच्या, "बरं केलं!" जन्मात कुणापुढं मान वाकवली नव्हती. आज वाकवायचं ठरवून आल्या होत्या.

दिगंबर आला. "आई? तू इथं?"

त्यांनी डबा उघडला. "दिगू, त्या लग्नात... चुकलं माझं."

तो प्रेमानं हसला. "अगं, ते मिटलं की. मार्चमध्येच तू माफी मागितलीस."

"मी?"

"म्हणजे तिनं. किती रडली! लग्नाच्या त्या रात्री तुझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, तेही सांगितलं."

त्या रात्री हौसाबाई गाढ झोपल्या होत्या.

"भांड की माझ्याशी, मेल्या!"

"कशाला गं?"

त्यानं एक जिलबी खाल्ली. छान झालीय म्हणाला. त्यांनी दुसरी पुढं केली.

"नको आई, पुरे. आमची वेळ झाली."

त्यानं टोपी घातली, डोळे मिटले. चेहरा एकदम आठ वर्षांचा झाला.

"आई," त्यानं हाक मारली.

दारात डबा धरून उभ्या हौसाबाईंच्या ओठांवर "ओ" आली. तेवढ्यात भिंतीतल्या स्पीकरमधून, त्यांच्याच आवाजात, पण त्यांना कधी जमली नव्हती इतकी मऊ, दुसरी कुणीतरी ओ देऊन गेली.