अकरा वर्षं नुसते हात

दर बुधवारी सकाळी अकराला आमच्या डिंडोलीच्या घरात टीव्ही लागतो आणि केबलवर ‘घरनो कारीगर’ हा गुजराती कार्यक्रम सुरू होतो. जिग्नेशभाई हसत हसत कपाट कसं बनवायचं ते सांगतात. त्यांना साधा रंधा धरता येत नाही. लाकूड तासणारे, खाच पाडणारे जे हात जवळून दाखवतात, ते माझ्या बाबांचे, नागनाथ सुतारांचे. अकरा वर्षं नुसते हात. चेहरा नाही, नाव नाही.

डाव्या तर्जनीचं पहिलं पेर नाही; इच्छापोरच्या एका कारखान्यात करवतीखाली गेलं. गोडादऱ्यातल्या ओळखीच्यांना बाबा सांगत, “टीव्हीत मी असतो.”

“कुठं? दिसत तर नाय नागनाथभाऊ! तुमचं तोंड बघून टीव्ही बंद पडतो का काय?” लोक हसत. बाबाही हसत.

जूनमध्ये वाहिनीने कळवलं, आता येऊ नका. कार्यक्रम थांबला नाही. नवी कपाटं, नवं लाकूड, हात तेच. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आहे. जुन्या चित्रणावरून संगणकाने हात बनवले असणार, हे मी बाबांना समजावलं. “चोरी आहे ही, बाबा!”

“कशाला भांडायलीस? हात तर माझेच दाखवायलेत.”

त्यांच्या या सोसण्याचा मला वाहिनीपेक्षा जास्त राग येई.

त्याच महिन्यापासून बुधवारी अकरा ते साडेअकरा बाबांचे हात बधिर होऊ लागले. चार आठवडे मी घड्याळ लावून नोंद घेतली. मिनिटाचाही फरक नव्हता. डॉक्टर म्हणाले, मानेची नस. तेवढा वेळ आई चहाचा कप त्यांच्या ओठांना लावी.

परवाच्या बुधवारी खंडेनवमी होती. सुतार त्या दिवशी हत्यारं पुजतो, वापरत नाही. आईने रंधा, पटाशी, करवत पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. सकाळीच चहाच्या पातेल्याने बाबांचा उजवा अंगठा भाजला होता. मी त्यावर पिवळं मलम लावलं.

अकराला टीव्ही लावला. पडद्याच्या कोपऱ्यात ‘लाइव्ह’ लिहिलं होतं. हातांच्या उजव्या अंगठ्यावर पिवळं मलम चमकत होतं.

पडद्यावरच्या रंध्यावर कुंकू होतं. ओलं.

“आज हत्याराला हात लावू नये,” बाबा पुटपुटले. त्यांचे हात मांडीवर पडले होते.

मला भीती वाटायला हवी होती. मला संताप आला. पडद्यावरचा नंबर लावला. ‘हॅलो’ म्हटलं, तर माझाच आवाज टीव्हीतून आला.

“बोलो, बेन,” जिग्नेशभाई म्हणाले.

“ये हाथ मेरे बाबा के हैं. नागनाथ सुतार. ग्यारह साल हो गए. उनका चेहरा दिखाओ. अभी!”

जिग्नेशभाईंनी खाली, हातांकडे पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच. हसू गेलं.

“बेन... हमने तो आज किसी को बुलाया नहीं.”

ते उठले आणि पडद्याबाहेर गेले. फोन कटला.

हात थांबले. मग त्यांनी चार पट्ट्या घेतल्या, कोपरे तिरपे कापले, जोडले. काच बसवली.

फ्रेम होती.

मागून फोटो सरकवला. बाबांचा. अंगात आजचाच चौकड्यांचा शर्ट. शेजारी आईचा अर्धा खांदा. आमचा टीव्ही आहे तिथून काढलेला.

“बघ की गं जागृती!” बाबा हसत मला म्हणाले. “दाखवला शेवटी!”

हातांनी फ्रेम उभी केली. हार घातला. एक बोट गंधात बुडवून फोटोच्या कपाळावर टेकवलं.

मी टीव्ही बंद केला.

बाबा अजून हसत होते.

“अगं,” ते आईला म्हणाले, “कपाळाला काय ओलं लागलंय, पूस बरं. माझे हात उचलेनात.”