स्वच्छ हातोडा

मुडबीच्या शिवारातल्या पायऱ्यांच्या विहिरीत, दगडांचा अभ्यास करणारी सुधारानी मेलेली सापडली. पाण्याच्या वरच्या पायरीवर पालथी पडलेली. डोक्याला मागून खोल जखम. शेजारी तिचा हातोडा होता. लोखंड स्वच्छ, आचेनं निळसर झालेलं.

पोलिसांनी नवरा बसवेशला उचललं. फौजदार दानेश्वरी रजेवरून परतल्या, तेव्हा मारानं त्याला उभंही राहता येत नव्हतं.

"भांडलास कामून?"

"दिवसभर विहिरीत बसायची, अक्का. मी म्हणलं, दगडाशीच लगीन करायचं होतं. पण मारलं न्हाई."

"ती काही बोलली होती?"

"व्हय. सरांचं चुकलंय म्हणायली. दगडातल्या नळ्या जंतूंनी न्हाई, नुसत्या पाण्यानं पडल्यात. शास्त्रज्ञांच्या बैठकीत सगळ्यांपुढं सांगणार होती."

सर म्हणजे तिचे प्राध्यापक प्रशांतकुमार. ज्वालामुखीचा काळा दगड सूक्ष्म जंतू पोखरतात आणि त्यात बारीक नळ्या पडतात. तशा नळ्या मंगळावरच्या दगडात दिसल्या, तर तिथंही जीव होता म्हणायचं. याच शोधावर त्यांचं नाव झालं होतं.

दानेश्वरींनी बसवेश आणि सर, दोघांनाही विहिरीवर आणलं.

"सर, नमुना कसा काढता?"

"हातोड्यावर स्पिरिट ओतून पेटवायचं. मग घाव घालायचा. नाहीतर आपल्या हाताचे जंतू दगडाला लागतात. हे मला आणि सुधारानीला, आम्हा दोघांनाच जमतं. गावातली माणसं हसतात."

"त्या दिवशी तुम्ही कुठं होता?"

"कलबुर्गीला. ती हातोडा पेटवून घाव घालायला उठली असेल. पाय घसरला."

"मलाही आधी तसंच वाटलं. मग मी हातोड्याचा दांडा काढायला लावला. आत लोखंडाच्या खाचेत रक्त आहे, वरून करपलेलं. म्हणजे हातोडा रक्त लागल्यावर पेटवला. डोकं फुटलेली बाई उठून हातोडा पेटवत नाही."

दानेश्वरींनी खाली पाण्याकडे बोट दाखवलं.

"बसवेशनं मारलं असतं तर हातोडा पाण्यात टाकला असता. पाणी हातभर खाली होतं. रक्त लागलेलं लोखंड धुवायचं सोडून पेटवायचं कुणाला सुचेल? ज्याच्या हाताला तीच सवय आहे, त्याला. ती सवय दोघांनाच. त्यातली एक मेली."

"ती माझं सगळं आयुष्य खोटं ठरवणार होती," प्रशांतकुमार हळूच म्हणाले. "मीच शिकवलेली पोरगी."

शिपायानं त्यांना बेड्या घातल्या.

बसवेश लंगडत पायऱ्या उतरला. भिंतीत सुधारानीनं फोडलेली ताजी खाच होती. त्यानं त्या खाचेवर उघडा तळहात ठेवला.

"हात लावू नकोस!" प्रशांतकुमार वरून ओरडले. "नमुना बिघडेल!"

"ती बी हेच म्हणायची," बसवेश म्हणाला. त्यानं तळहात आणखी दाबला. "आता कोण रागावतंय?"