मूठभर रुई

अकोल्याच्या जुन्या शहरात मोर्णेचा पूल उतरला की आतल्या गल्लीत इफ्फतचं दुकान लागतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. आधी तिथं तिच्या आईचं, बिस्मिल्लाबीचं, रुई पिंजायचं काम चाले. गाद्या, रजया, उशा. पुढं फोमच्या गाद्या आल्या, लोकांनी पिंजाऱ्याकडं पाठ फिरवली आणि म्हातारीची धुनकी भिंतीवर टांगली गेली. रुई पिंजायची ती भलीमोठी धनुकली, तिला आतड्याची तात ताणलेली. तिच्याखाली लेकीनं टेबल मांडलं. मेलेले लॅपटॉप उघडून उघडून ती स्वतःच शिकली होती. गल्लीतले टवाळ म्हणायचे, माय गाद्या उसवे, लेक लॅपटॉप उसवते; धंदा तोच, फक्त धूळ बदलली.

इफ्फतची पद्धत ठरलेली. लॅपटॉप पालथा घालायचा, आधी बॅटरी सोडवायची. पुठ्ठ्यावर लॅपटॉपचं चित्र काढायचं आणि ज्या जागचा स्क्रू त्या जागी खोचून ठेवायचा. मशीनवर तिचा भरवसा होता. करंट पोचतो किंवा पोचत नाही. माणसासारखं मधलं काही नसतं.

सतरा सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. रस्त्यानं कापसाच्या गाड्या चाललेल्या, बाभळीच्या काट्यांना पांढरे पुंजके लटकलेले. त्याच पावसाळ्यात वऱ्हाडात फवारणी करता करता माणसं मेली होती. दुसऱ्याच्या वावरात, रोजानं, पाठीवर पंप घेऊन. काही दिवस पेपरात फोटो आले. मग पेपरवाल्यांना दुसरे फोटो मिळाले.

अशा एका दुपारी तेल्हाऱ्याकडून एस.टी.नं एक पोरगा आला. प्रीतम नाव. तिकडं कुठल्याशा कचेरीत कंत्राटावर टायपिंग करायचा. छातीशी लॅपटॉपची बॅग धरलेली, जणू आत अंडी आहेत.

"ताई, पाच मिनिटात तापते अन् बंद पडते. साहेबाचा एक रिपोर्ट वर पाठवाचा हाय. तो गेला नाई तं माहं कंत्राट गेलं समजा."

"पंख्यात कचरा असंल. बस."

तिनं मागचं झाकण काढलं. पंखा दिसतच नव्हता. त्याच्या जागी पांढरा बोळा होता.

"गादीवर ठेवून वापरतो का रे? का तुमचा साहेब कापसाच्या गंजीवर बसून काम करते?"

"टेबलावर ठेवतो ताई. लोखंडी टेबल हाय."

तिनं चिमट्यानं बोळा ओढला. आला. मागून आणखी आला. ती ओढत राहिली. टेबलावर पडलेला ढीग त्या पंख्यात मावेल एवढा नव्हता, हे तिला दिसत होतं. पण दाबलेली रुई मोकळी झाली की फुगते, हेही तिला लहानपणापासून ठाऊक होतं. वास मात्र ओळखीचा नव्हता. गोडसर, घशाला डसणारा. डोळ्यांत पाणी आलं. तिनं पंखा पुसला, चिपवर नवी पेस्ट लावली, झाकण लावलं. मशीन सुरू झालं, गार चाललं. प्रीतम हसत गेला.

दोन दिवसांनी परत आला तेव्हा हसत नव्हता.

"तेच झालं ताई. रिपोर्ट उघडला का तापते. बाकी काई उघडा, काई होत नाई."

"मशीनले काय समजते रिपोर्ट अन् सिनेमा? पंखाच गेला असंल."

तिनं झाकण काढलं. आत पुन्हा रुई. या वेळी ओलसर, पिवळट. वास तोच, जास्त.

आतल्या खाटेवरून बिस्मिल्लाबी उठून आली. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं, पण रुई दिसायला तिला डोळे लागत नसत. तिनं बोळा बोटांत चुरगळला, ताणला, नाकाशी नेला.

"ये कचरा नइं बेटा. रुई है."

"ते दिसतंय अम्मी."

"दिसतंय, पन समजत नइं तुले. ये उशी की है. बालों का तेल पिएली. बरसों कोई इसपे सोया है." मग तिनं प्रीतमकडं तोंड वळवलं आणि सरळ वऱ्हाडीत विचारलं, "बेटा, कोनाच्या घरची उशी हाय ही?"

प्रीतमनं बॅगेची चेन लावली, परत उघडली.

पिंजाऱ्यांत एक रीत होती. मयताच्या घरची रुई दुसऱ्या कोणाच्या रुईत मिसळायची नाही. वेगळी पिंजायची, वेगळी बांधायची, ज्याची त्याच्या घरी पोचती करायची. एक पुंजकाही मागं ठेवायचा नाही. बिस्मिल्लाबीनं न विचारताच कपाटातून धुतलेली खोळ काढली. टेबलावरची रुई तिच्यात भरली. परवाची तिनं केरात टाकू दिलीच नव्हती; तीही आणून भरली.

"ताई, नवा पंखा टाका," प्रीतम म्हणाला. "आजीले सांगा, असं काई नको बोलू."

इफ्फतनं नवा पंखा काढला. बसवायच्या आधी तिनं एक गोष्ट केली, जी ती एरवी कधी करत नसे. सगळंच मोकळं केलं. बॅटरी, डिस्क, रॅम, मदरबोर्ड, जुना पंखा, सगळं टेबलावर वेगवेगळं मांडलं. लॅपटॉपचं नुसतं टरफल हातात उरलं. तिनं ते उजेडाकडं धरून पाहिलं. रिकामं. जाळीत एक धागा नाही. टेबलावर ठेवलं.

वर धुनकीची तात हलकेच गुणगुणली.

रस्त्यानं ट्रक गेला की ती अशी वाजायची. इफ्फतनं बाहेर पाहिलं. गल्लीत एक शेळी उभी होती. बाकी कोणी नाही.

मग तिचं लक्ष जुन्या पंख्याकडं गेलं. टेबलाच्या कडेला तो सुटा पडला होता, वायर कशालाच जोडलेली नव्हती.

तो फिरत होता.

सावकाश. थोडा फिरायचा, थांबायचा. थोडा फिरायचा, थांबायचा. छताचा पंखा बंद होता. तिनं खिडकी लावली. हात आडवा धरला. वाऱ्यानं फिरत नव्हता. त्याच्यातून तिच्या तळव्यावर वारा येत होता. उबदार. मग तळव्यावरून परत आत ओढला जात होता.

तळवा तिनं मागं घेतला.

रिकाम्या टरफलाच्या जाळीतून पांढरं टोक बाहेर आलं.

"कोन हाय तो?" इफ्फतनं विचारलं. आवाज चढवला नाही. "रिपोर्टात कोन हाय?"

प्रीतम खुर्चीवर बसला. जमिनीकडं पाहत बोलला.

"जानरावकाका. आमच्याच वस्तीतला. मालकाच्या कपाशीवर फवारा मारून राहिला होता. घरी आला, आंघोळ केली, म्हने धुरकट दिसते. सकाळी गेला."

"अन् तू काय लिवलं?"

"म्या नाई लिवलं. साहेबानं सांगतलं, म्या टाईप केलं."

"तेच इचारते. काय टाईप केलं?"

"मयत दारूच्या नशेत होता. तोंडाला काहीही बांधलेले नव्हते."

"पीत होता?"

प्रीतमनं मान हलवली. "ताई, आमच्या विहारात पंचशील तोच सांगे. पाचव्या शीलाले आला का आमा पोट्ट्यांकडं पाहे. दारूच्या थेंबाले शिवला नाई कधी."

"अन् तोंडाले?"

त्याला सांगायचं नव्हतं, पण जाळीतलं रुईचं टोक समोर होतं.

"मालकानं मास्क देला नाई. मंग शालूकाकीनं काकाचीच उशी उसवली. त्यातली रुई काढली, फडक्यात शिवून देली नाकातोंडाले. ते बांधूनच तो जाये. साऱ्या गावानं पाह्यलं. म्या पाह्यलं."

बिस्मिल्लाबीनं जाळीतलं टोक धरलं आणि हलक्या हातानं ओढून घेतलं, बाळाच्या नाकातला शेंबूड काढावा तसं. खोळीत टाकलं.

या देशात मेलेल्या मजुराचं तोंड दोनदा बंद करतात. एकदा विष करतं, दुसऱ्यांदा कागद. इफ्फतला हे नवं नव्हतं. तिच्याच टेबलावर असले किती कागद येऊन गेले असतील, तिनं कधी उघडून पाहिले नव्हते. तिनं गुमान सगळे भाग जोडले, नवा पंखा बसवला, पुठ्ठ्यावरचा एकेक स्क्रू जागी लावला आणि लॅपटॉप प्रीतमपुढं सरकवला.

"मशीन चांगलं हाय. आता त्यात खरं काय ते लिव. मग पाहू, तापते का."

"साहेब मारून टाकंल ताई."

"साहेब मारत नाई. साहेब काढून टाकते. मेला तो जानराव."

प्रीतमनं टाईप केलं. दोनच ओळी. मयत निर्व्यसनी होता. तोंडाला घरी शिवलेले रुईचे फडके बांधलेले होते. पंखा असा चालत होता की कान लावावा तेव्हा ऐकू यावा. झाकण गार. वर तात गप्प. प्रीतम त्या ओळींकडं पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी मोकळं झालं, ते इफ्फतनं पाहिलं.

मग त्याचा फोन वाजला.

"हो साहेब. हो. अकोल्यातच हाय. झालंच साहेब. नाई, काई बदल नाई."

फोन ठेवून त्यानं इफ्फतकडं न बघता त्या ओळी पुसल्या. पहिल्या परत टाईप केल्या.

झाकण तापलं. खोलीत तो गोडसर वास भरला. पडदा काळा व्हायच्या आधी त्यानं खिशातला पेनड्राइव्ह लावला आणि फाईल काढून घेतली. पोरगा हुशार होता.

"स्टॅंडजवळ कॅफे हाय," तो म्हणाला. "तिथून पाठवतो."

"प्रीतम," इफ्फत म्हणाली.

"माय आजारी हाय ताई माही. तुमी काहून नाई समजून राहिल्या?"

तो गेला. लॅपटॉप टेबलावरच राहिला. इफ्फतनं शेवटचं म्हणून तो उघडला, उरलेला ओला बोळा काढला आणि आईला दिला. बिस्मिल्लाबी खोळ मांडीवर घेऊन बसली. थापटली, चारी कोपऱ्यांत बोट घालून पाहिलं, हातावर तोलली. हजारो उशा भरलेला हात.

"शिऊन टाक ना अम्मी. शालूबाईले नेऊन देऊ."

"अधूरी नइं देते." म्हातारीनं एक कोपरा दाबला. तो आत बसला. "एक मूठ कम है."

तिनं तीन बाजू शिवल्या, चौथी उघडी ठेवली. उशी खाटेवर पडून राहिली. लॅपटॉप त्या दिवसापासून चांगला चालू लागला. इफ्फतनं जाळीला चिमटा लावून पाहिला, आत काही नव्हतं. उशी मात्र ती रोज सकाळी थापटून सपाट करी आणि दुपारी तिच्या मधोमध खळगा पडलेला असे, कोणी डोकं ठेवून नुकतंच उठल्यासारखा.

प्रीतम आला तेव्हा थंडी सुरू झाली होती. अंगात नवा स्वेटर. साहेब खूश होता, कंत्राट वाढवून दिलं होतं, नवा लॅपटॉपही मिळाला होता. जुना कचेरीत जमा करायचा म्हणून न्यायला आला होता. शालूकाकीचा भरपाईचा अर्ज फेटाळला गेला, हे त्यानं इफ्फतनं विचारल्यावर सांगितलं, तेही दाराकडं बघून.

"आवाजाले काय झालं तुह्या?"

"काई नाई ताई. थंडी हाय. घशात काईतरी अडकल्यावानी वाटते." तो हसायला गेला आणि खोकला आला. कोरडा, लांबलेला. "डॉक्टर म्हनते, काईच नाई. छातीचा फोटो साफ हाय."

त्यानं रुमाल तोंडाला लावला. खोकत राहिला. त्याचा श्वास थोडा चालायचा, थांबायचा. थोडा चालायचा, थांबायचा. इफ्फतनं ती चाल ओळखली आणि टेबलाची कड धरली.

भिंतीवर तात गुणगुणू लागली.

खोकला थांबला. प्रीतमनं रुमालात पाहिलं. मग घाईनं त्याची घडी घातली आणि मूठ आवळून धरली.

आतून बिस्मिल्लाबी आली. काखेत उशी. चौथी बाजू तशीच उघडी, सुई टोचलेली, सुईत दोरा ओवलेला. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली, त्याच्या मुठीखाली आपला तळवा पसरला आणि लहान पोराशी बोलावं तशी म्हणाली,

"दे बेटा. इतनीच कम थी."